डोंगरमातीतली 'रेअर अर्थ' मूलद्रव्ये : शरीरात किती जातात आणि काळजी कधी करावी?

मोबाइल, विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि पवनचक्क्यांच्या बातम्यांमुळे 'रेअर अर्थ' हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. त्याबरोबर काही प्रश्नही दवाखान्यात येऊ लागले आहेत. 'ही द्रव्ये आपल्या मातीत असतात का? पाण्यातून, भाजीतून पोटात जातात का? एमआरआयच्या वेळी देतात ते गॅडोलिनियमही त्यातलेच ना, मग ते इंजेक्शन घ्यावे का?' हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एकाच जागी मिळावीत म्हणून हा लेख.

थोडक्यात महत्त्वाचे

• ही मूलद्रव्ये जगातल्या जवळजवळ सर्व मातीत थोड्या प्रमाणात असतात. अन्नपाण्यातून ती आतड्यात फारच कमी शोषली जातात.
• खाणीजवळच्या गावांत बहुतेक वेळा मोठा धोका असतो तो त्यांच्या सोबत्यांचा : नायट्रेट, शिसे, आर्सेनिक, फ्लोराइड, थोरियम आणि खाणकामातली रसायने.
• श्वासातून वर्षानुवर्षे धूळ जाणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.
• सर्वसामान्य रुग्णाचा या मूलद्रव्यांशी सर्वात जवळचा संबंध येतो तो औषधांतून. तिथे किडनीचे काम कसे चालले आहे हे डॉक्टरांना माहीत असणे सर्वात महत्त्वाचे.
• केसांची तपासणी करून 'डिटॉक्स' किंवा किलेशनचे उपचार घेऊ नयेत. त्यातून जिवावर बेतू शकते.

ही मूलद्रव्ये कोणती?

दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये एकूण १७ आहेत. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ आणि त्यांच्यासारखेच वागणारी स्कँडियम व इट्रियम ही दोन. सेरियम, निओडिमियम, गॅडोलिनियम, डिस्प्रोशियम ही त्यांतली बातम्यांत येणारी नावे. 'अर्थ' म्हणजे इथे पृथ्वी नव्हे. जुने रसायनशास्त्रज्ञ धातूच्या मातकट ऑक्साइडला 'मृदा' म्हणत. १७८७ मध्ये स्वीडनमधल्या इटरबी गावाच्या खाणीत एक काळा जड दगड सापडला. १७९४ मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यात एक नवी 'मृदा' असल्याचे दाखवले. त्यांच्याच नावावरून पुढे गॅडोलिनियम हे नाव पडले.

'दुर्मीळ' हा शब्द मात्र फसवा आहे. पृथ्वीच्या कवचात सेरियमचे प्रमाण साधारण तांब्याइतके आहे. अडचण अशी, की ही द्रव्ये सगळीकडे विखुरलेली असतात, एका जागी भरपूर सापडत नाहीत आणि एकमेकांपासून वेगळी करणे अतिशय किचकट असते.

आपल्या घरांतही ती पूर्वीपासून आहेत. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीच्या जाळीत थोरियमबरोबर थोडे सेरियम असे. सिगारेट लायटरमधला ठिणगीचा खडा सेरियम-लँथॅनमच्या मिश्रधातूचा असतो. चष्म्याची काच घासून चकचकीत करायला सेरियम ऑक्साइडची पूड वापरतात.

डोंगराच्या मातीत ती कशी साठतात?

साध्या मातीत या सर्वांचे मिळून प्रमाण किलोमागे साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम असते. मूळ खडक कोणता, यावर ते कमीजास्त होते. काही ठिकाणी मात्र निसर्गच त्यांना गोळा करतो. याचे सर्वात अभ्यासलेले उदाहरण म्हणजे दक्षिण चीनमधले जिआंग्शी प्रांतातले गांझोऊ आणि त्याभोवतीची नानलिंगची डोंगररांग.

तिथला खडक ग्रॅनाइटचा, हवा उबदार आणि पाऊस भरपूर. लाखो वर्षे पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी खडकात मुरत गेले. खडक कुजून त्याची मऊ, तांबूस माती झाली. खडकातून सुटलेली ही मूलद्रव्ये पाण्याबरोबर खाली उतरली आणि चिकणमातीच्या कणांना वरवर चिकटून राहिली. १९६९ मध्ये लाँगनान परगण्यात या प्रकारचा साठा पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्या मातीत या द्रव्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही बरेच कमी असते. पण ती नुसती चिकटलेली असल्यामुळे मिठासारख्या क्षाराच्या पाण्याने धुऊन काढता येतात. खडक फोडावा लागत नाही की भट्टी लावावी लागत नाही.

हा सोपेपणाच पुढे तिथल्या लोकांना महागात पडला. सुरुवातीला डोंगराची माती खणून हौदात भिजवत. नंतर डोंगर न खणता त्यात भोके पाडून अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतायला सुरुवात झाली. द्रावण डोंगरातून झिरपून खाली येते, ते गोळा करतात आणि ऑक्झॅलिक आम्ल किंवा तत्सम रसायन घालून ही मूलद्रव्ये खाली बसवतात. जे द्रावण गोळा होत नाही ते भूजलात आणि ओढ्यांत उतरते. भिजून सैल झालेल्या उतारांवर दरडी कोसळतात. चीन सरकारने २०१२ मध्ये या उद्योगावर जी श्वेतपत्रिका काढली, तिच्यातही पर्यावरणाच्या या हानीची कबुली आहे. गेल्या दहाएक वर्षांत याच पद्धतीच्या खाणी चीनला लागून असलेल्या म्यानमारच्या काचीन राज्यातल्या डोंगरांत पसरल्या आहेत. तिथे नियम आणि देखरेख आणखी ढिली आहे.

पोटात गेली तर किती शोषली जातात?

इथे निसर्ग आपल्या बाजूचा आहे. ही मूलद्रव्ये पोटात अन्नातल्या फॉस्फेटशी घट्ट जोडली जातात आणि न विरघळणारे क्षार बनून शौचावाटे बाहेर पडतात.

याचा उत्तम पुरावा एका औषधातून मिळतो. डायलिसिसवरच्या अनेक रुग्णांना रक्तातले फॉस्फेट कमी करण्यासाठी लँथॅनम कार्बोनेटच्या गोळ्या देतात. त्यातून दिवसाला १,५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लँथॅनम पोटात जाते. त्यातले रक्तात उतरते ते लाखात दोन भागांपेक्षाही कमी. आता तुलना करा. साध्या मातीचा एक ग्रॅम कोणाच्या पोटात गेला, तरी त्यात सतराही मूलद्रव्ये मिळून ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच असतात. म्हणजे डायलिसिसवरच्या रुग्णाच्या रोजच्या औषधाच्या सुमारे दहा हजारावा भाग.

याचा अर्थ कितीही पोटात गेली तरी चालतील असा घेऊ नये. शोषली गेलेली थोडी मात्रा यकृतात आणि हाडांत साठते आणि तिथून फार सावकाश बाहेर पडते. खाणींच्या आसपास राहणाऱ्यांच्या केसांत आणि रक्तात ही द्रव्ये इतरांपेक्षा जास्त आढळली आहेत. आयुष्यभराच्या अशा संपर्काचा नेमका परिणाम काय, यावर अभ्यास चालू आहेत. पण त्याच गावांत शिसे, आर्सेनिक आणि गरिबीही असल्याने एखाद्या आजाराचे खापर एकट्या या मूलद्रव्यांवर फोडणे अवघड जाते.

श्वासातून गेली तर?

फुप्फुसाचे गणित वेगळे आहे. बारीक धूळ खोलवर गेली की ती तिथेच राहते, कारण तिला विरघळवून बाहेर काढायला शरीराला फार वेळ लागतो. वर्षानुवर्षे अशी धूळ घेणाऱ्या काही कामगारांच्या फुप्फुसांत डाग, सूज आणि पुढे घट्टपणा आलेला दिसला आहे. सिलिकोसिसच्या कुटुंबातलाच हा आजार म्हणता येईल.

हे रुग्ण बहुधा खाणीतले नव्हते. कार्बनच्या कांड्यांचा झगझगीत दिवा वापरणारे छपाईचे कामगार, चित्रपटगृहातले प्रोजेक्टर चालवणारे आणि काच घासणारे कारागीर यांच्यात तो नोंदला गेला. त्या कार्बनच्या कांड्यांत प्रकाश वाढवण्यासाठी ही मूलद्रव्ये घालत. आपल्याकडच्या जुन्या थिएटरांत आणि टुरिंग टॉकीजमध्येही असेच कार्बनचे दिवे होते. त्यामुळे घरात कोणी असे काम बरीच वर्षे केले असेल आणि आता कोरडा खोकला, चढ चढताना दम लागणे असा त्रास असेल, तर छातीच्या डॉक्टरांना जुन्या कामाबद्दल आवर्जून सांगा. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरचे डाग पाहून क्षयरोगाची शंका घेतली जाते. कामाचा इतिहास कळला तर निदानाची दिशा बदलू शकते.

खाणीजवळच्या गावांत खरा धोका कशाचा?

डोंगरातली ही मूलद्रव्ये एकटी येत नाहीत. काही सोबती त्याच खडकात असतात, तर काही माणूस घालतो.

*नायट्रेट.* जमिनीत उरलेल्या अमोनियम सल्फेटमधल्या अमोनियाचे जिवाणूंमुळे नायट्रेट होते आणि ते विहिरीत उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. सर्वात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना असतो. नायट्रेटच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळाचे ओठ, नखे निळसर-करडी दिसू लागतात. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हा धोका शेतात भरमसाट युरिया पडणाऱ्या आपल्या गावांतही आहे, त्यासाठी खाण लागत नाही.

*शिसे.* क्षाराचे आम्लधर्मी द्रावण मातीत चिकटलेले शिसेही सोडवते. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

*आर्सेनिक.* २०२५ मध्ये थायलंडच्या उत्तरेकडच्या कोक नदीत आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि नदीकाठच्या लोकांना तिचे पाणी टाळण्यास सांगावे लागले. नदीचा उगम म्यानमारच्या शान राज्यात आहे आणि तिथल्या वरच्या भागातल्या खाणींवर बोट ठेवले गेले. डोंगरात काय चालले आहे याचा हिशेब खालच्या गावाला चुकता करावा लागतो तो असा.

*फ्लोराइड.* हे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, नर्मदेपलीकडे नंदुरबारच्या डोंगरांना जवळ असा आंबाडोंगर आहे. प्राचीन ज्वालामुखीच्या वेगळ्या जातीच्या खडकाने तो बनला आहे. तिथे दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आहेत आणि फ्लोराइटचे मोठे साठेही आहेत. असा खडक असलेल्या कोणत्याही भागात बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड तपासणे शहाणपणाचे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर नको. सतत जास्त फ्लोराइड गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि मोठेपणी पाठ, मान, सांधे ताठरतात.

*थोरियम.* मोनाझाइट नावाच्या खनिजात ही मूलद्रव्ये आणि किरणोत्सारी थोरियम एकत्र असतात. खनिज शुद्ध करताना उरलेला थोरियमचा गाळ नीट साठवला नाही तर तो धोक्याचा.

*हाताळण्याची रसायने.* ऑक्झॅलिक आम्लाने कातडी भाजते आणि ते पोटात गेले तर किडनीला इजा होते. हातमोजे, चष्मा, बूट न देता कामगारांकडून असे काम करून घेणे हा सर्वात थेट आणि टाळता येण्याजोगा धोका आहे.

केरळने शिकवलेल्या दोन गोष्टी

केरळच्या किनाऱ्यावरची काळसर वाळू ही खरे तर डोंगराचीच माती. पश्चिम घाटातले जुने खडक झिजले, नद्यांनी त्यातली जड खनिजे समुद्राकडे नेली आणि लाटांनी ती किनाऱ्यावर जमा केली. या वाळूत मोनाझाइट भरपूर आहे. कोल्लम जिल्ह्यातल्या करुणागपल्ली भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या नेहमीपेक्षा जास्त नैसर्गिक किरणोत्सारात राहतात. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे त्यात आढळले नाही. नुसते 'मातीत किरणोत्सार आहे' एवढ्यावरून घाबरून जाऊ नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा हृदयाच्या एका आजाराचा आहे. एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस या आजारात हृदयाच्या आतल्या अस्तराला जाड, कडक थर येतो आणि हृदय नीट फुगत नाही. पोटात पाणी होते, दम लागतो. युगांडात १९४० च्या दशकात त्याचे वर्णन झाले आणि केरळातही गरीब घरांतल्या मुलांत व तरुणांत तो बराच दिसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन, डॉ. सी. सी. कार्था आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक कल्पना मांडली : मातीतले सेरियम आणि आहारातली मॅग्नेशियमची कमतरता, दोन्ही मिळून हृदयाला इजा होत असावी. रुग्णांच्या हृदयाच्या पेशींत सेरियम जास्त सापडलेही. पण हेच कारण आहे असे सिद्ध झाले नाही. जंतुसंसर्ग, जंत आणि कुपोषण यांचाही वाटा मांडला गेला. पुढे केरळात हा आजार झपाट्याने कमी झाला. वाळू तीच राहिली. बदलले ते पोषण, स्वच्छता आणि आरोग्यसेवा. मातीतल्या एखाद्या द्रव्याचा उपद्रव माणसाच्या एकूण प्रकृतीवर किती अवलंबून असतो, ते यातून दिसते.

औषध म्हणून येणारी मूलद्रव्ये : रुग्णांनी हे वाचाच

गॅडोलिनियम. एमआरआयमध्ये गाठ, सूज, रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून हे औषध देतात. १९८८ पासून ते वापरात आहे. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते एका रासायनिक पिंजऱ्यात बंद करून देतात. किडनी चांगली असेल तर त्यातले बहुतेक २४ तासांत लघवीवाटे बाहेर पडते.

किडनी फार कमजोर असेल तर औषध शरीरात रेंगाळते आणि पिंजरा सैल पडण्याची शक्यता वाढते. १९९७ पासून काही किडनी रुग्णांच्या हातापायांची कातडी जाड, लाकडासारखी कडक होऊन सांधे आखडू लागल्याचे दिसले. या आजाराला नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस म्हणतात. त्याचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये लक्षात आला. त्यानंतर नियम बदलले. सैल पिंजऱ्याची, म्हणजे सरळ साखळीची औषधे मागे पडली. युरोपात २०१७ मध्ये शिरेतून द्यायच्या अशा अनेक औषधांचा वापर थांबवला गेला. बंद कड्याची, घट्ट पिंजऱ्याची औषधे पुढे आली. आता हा आजार अतिशय क्वचित दिसतो.

किडनी चांगली असतानाही वारंवार इंजेक्शने घेतलेल्यांच्या मेंदूत आणि हाडांत गॅडोलिनियमचा अल्पसा अंश राहतो, हे खरे आहे. त्यामुळे मेंदूला इजा झाल्याचे दिसून आलेले नाही. तरीही गरज असेल तेव्हाच ते द्यावे असा दंडक आहे.

एमआरआयला जाण्यापूर्वी हे सांगा :
• किडनीचा आजार, डायलिसिस किंवा किडनी प्रत्यारोपण झाले आहे का. अलीकडचा क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचा रिपोर्ट सोबत ठेवा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर डॉक्टर औषधाची निवड विचारपूर्वक करतात.
• डायलिसिस चालू असेल तर त्याचा वार व वेळ. एमआरआयनंतर लवकर डायलिसिस होईल असे ठरवता येते.
• गरोदरपण असेल किंवा शंका असेल तर. फार गरज असल्याशिवाय गरोदरपणात हे औषध देत नाहीत.
• पूर्वी अशा इंजेक्शनने पुरळ, सूज किंवा दम लागला होता का.

अंगावर पाजणाऱ्या आईने हे इंजेक्शन घेतल्यावर दूध बंद करण्याची सहसा गरज नसते. दुधात उतरणारी मात्रा अगदी नगण्य असते. आणखी एक : सीटी स्कॅनला देतात ते औषध आयोडिनचे असते. दोन्ही वेगळी आहेत, एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची ॲलर्जी नव्हे. कोणत्या तपासणीच्या वेळी त्रास झाला होता हे नेमके सांगा.

लँथॅनम कार्बोनेट. ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवण होताच पूर्ण चावून खायची असते. अख्खी गिळू नका. न चावलेल्या गोळ्या आतड्यात साठून अडथळा झाल्याच्या नोंदी आहेत. दात नसतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी कुटून घेता येते. थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स हिच्याबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत, म्हणून त्यांत किती अंतर ठेवायचे ते विचारून घ्या. पोटाच्या एक्स-रेमध्ये ही गोळी पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसते. एक्स-रे काढणाऱ्यांना आधी सांगितले तर विनाकारण घबराट होत नाही.

ल्युटेशियम-१७७. काही न्यूरोएंडोक्राइन गाठी आणि पसरलेला प्रोस्टेट कर्करोग यांत हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. दर साडेसहा दिवसांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. उपचारानंतर काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवणे, बसून लघवी करणे, भरपूर पाणी ओतणे, हात नीट धुणे हे नियम रुग्णालय लिहून देते. ते घरातल्या सर्वांनी वाचावेत. माणूस कायमचा 'किरणोत्सारी' होतो असे मुळीच नाही; त्याला ठरलेल्या दिवसांपलीकडे वेगळे ठेवू नका.

चहा आणि भाज्या

चहाचे झुडूप डोंगरउताराच्या आम्लधर्मी मातीत वाढते आणि ही मूलद्रव्ये, विशेषतः जुन्या पानांत, थोडी साठवते. चीनमध्ये चहातल्या या द्रव्यांना किलोमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा होती. लोकांच्या पोटात अन्नातून जाणारी मात्रा सुरक्षित पातळीच्या बरीच खाली आहे असे आढळल्यावर २०१७ च्या मानकातून ती मर्यादा काढून टाकली गेली. पानांतली बरीचशी मात्रा चोथ्यातच राहते, कपात उतरत नाही. तेव्हा या कारणासाठी चहा सोडण्याची गरज नाही. चहा कमी करायचा तर तो ॲनिमियासाठी करा : जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो.

पालेभाज्यांवरची माती धुऊन काढणे पुरेसे आहे. मातीतली मूलद्रव्ये पानाच्या आत जातात त्याहून जास्त पानाला चिकटलेल्या धुळीत असतात.

माती खाण्याची सवय

लहान मुले माती, भिंतीचा पोपडा, खडू खातात. गरोदरपणी भाजकी माती खाण्याची ओढ अनेक बायकांना असते. अशा वेळी मातीत 'रेअर अर्थ' आहेत का, यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न दुसरे आहेत. ही ओढ बहुतेक वेळा शरीरात लोह कमी असल्याची खूण असते. मातीतून जंतांची अंडी आणि शिसे पोटात जाते, शिवाय चिकणमाती आहारातले लोह धरून ठेवते, त्यामुळे ॲनिमिया वाढतो आणि माती खाण्याची इच्छाही. रागावू नका, लाजवू नका. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा, जंताचे औषध विचारा. लोह भरून आले की ही ओढ बरेचदा आपोआप जाते.

तपासण्या आणि 'डिटॉक्स'

काही ठिकाणी केसांचा नमुना घेऊन ४०-५० मूलद्रव्यांची यादी देतात आणि लाल रंगात दाखवलेल्या आकड्यांवर महागडे उपचार सुचवतात. केसांवर बाहेरची धूळ, पाणी, शाम्पू, मेंदी यांचे अंश असतात. संशोधक मोठ्या गटांची तुलना करायला केस वापरतात, पण एका रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्यावर घेता येत नाही. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांसाठी उपचार ठरवता येईल अशी रक्ताची नेहमीची तपासणीही नाही.

किलेशन म्हणजे धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे. शिशाच्या ठरावीक विषबाधेत ती रुग्णालयात देतात आणि तिथे ती जीव वाचवतात. 'शरीरशुद्धी'साठी दिली तर रक्तातले कॅल्शियम एकदम खाली जाऊन हृदय बंद पडू शकते, किडनीही बिघडू शकते. असा सल्ला कोणी दिला तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

डोंगराळ किंवा खाणीच्या भागात राहत असाल तर

• पिण्याच्या पाण्याची वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, तपासणी करून घ्या. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि शिसे ही चार नावे लिहून द्या. ग्रामपंचायतीमार्फत पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो.
• साध्या कापडाने गाळणे, तुरटी फिरवणे, उकळणे यांनी ही चार द्रव्ये जात नाहीत. रिपोर्ट वाईट असेल तर स्रोत बदलणे किंवा आरओ यंत्र हे उपाय.
• क्रशर, खाण, काच किंवा दगड घासण्याच्या कामावर पाणी मारून काम करा आणि नीट बसणारा मास्क वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.
• कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे भिजवा. घरातल्या लहानग्यांना तीच धूळ लागते.
• बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या. दूषित पाण्यापासून बाळाचे रक्षण करणारा याहून चांगला उपाय नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताबडतोब जा, जर :
• वरच्या दुधावरच्या बाळाचे ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसत असतील.
• कोणतेही इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज किंवा श्वासाचा त्रास होत असेल.
• लँथॅनमच्या गोळ्या चालू असताना पोट फुगून दुखत असेल, शौच व वारा बंद झाला असेल.

काही दिवसांत भेट घ्या, जर :
• किडनी रुग्णाला गॅडोलिनियम दिल्यानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत हातापायांची कातडी घट्ट होत असेल.
• धुळीचे काम केलेल्याला खोकला, दम किंवा वजन घटण्याची तक्रार असेल.
• घरातल्या दोन-तीन मुलांच्या दातांवर एकसारखे डाग असतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आमच्या काळ्या किंवा जांभ्याच्या मातीत ही मूलद्रव्ये आहेत का?*
आहेत, सगळ्याच मातीत असतात. तिथे पिकलेले अन्न खाल्ल्याने त्यांची विषबाधा होत नाही.

*मोबाइल हाताळल्याने ती शरीरात जातात का?*
नाही. ती चुंबक आणि पडद्याच्या आत बंदिस्त असतात. जुने इलेक्ट्रॉनिक सामान घरी फोडणे किंवा जाळणे मात्र घातक आहे. त्या धुरात शिशासह अनेक विषारी द्रव्ये असतात.

*गॅडोलिनियमची भीती वाटते, म्हणून एमआरआय नाकारू का?*
आधी विचारा : इंजेक्शनशिवाय एमआरआयने काम भागेल का? अनेकदा भागते. डॉक्टर गरज आहे म्हणाले आणि किडनी ठीक असेल, तर नाकारू नका. मेंदूतली गाठ किंवा मज्जारज्जूची सूज वेळेवर न कळण्याचे नुकसान या औषधाच्या जोखमीपेक्षा फार मोठे असते.

*एमआरआयनंतर भरपूर पाणी पिऊ का?*
किडनी व हृदय चांगले असेल तर नेहमीसारखे पाणी प्या. पाण्यावर बंधन घातलेल्या रुग्णांनी ते बंधन पाळावे, जास्त पाणी पिऊ नये.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा तपासणी नाकारणे याचा निर्णय आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.*